डाळीच्या फेसात युरिक अ‍ॅसिड नसतं

आमच्या शेजारच्या काकूंनी महिन्याभरापासून वरण सोडलंय. गुडघे दुखत होते, त्यात फोनवर एक निरोप आला. तुम्हालाही आला असेल: डाळ शिजताना येणारा पांढरा फेस म्हणजे युरिक अ‍ॅसिड. पातेल्यात तो काढून टाकता येतो, कुकरमध्ये आतच राहतो, म्हणून हल्ली घरोघरी गुडघेदुखी. शिवाय कुकरमुळे डाळीतलं सत्त्व जळून जातं. काकू अंडीसुद्धा खात नाहीत. कोरड्या तूरडाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ताटातली नेमकी तीच गोष्ट त्यांनी बंद केली. मला या निरोपाचा राग येतो तो म्हणूनच.

फेस येतो तो डाळीतल्या सॅपोनिनमुळे. रिठा पाण्यात घुसळला की फेसाळतो, तोही याच जातीच्या द्रव्यांनी. पाणी उकळू लागलं की सॅपोनिन आणि डाळीतून सुटलेली प्रथिनं हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. युरिक अ‍ॅसिड आपल्या शरीरात बनतं, प्युरीन नावाच्या द्रव्यांचं विघटन होऊन. हे प्युरीन डाळीत असतं, हे खरं. पण ते सगळ्या दाण्यात असतं, वर येऊन फेसात गोळा होत नाही. पळीने फेस काढलात तर फेसच जाईल.

मग डाळीतलं प्युरीन तरी बाधतं का? शरीरातलं बहुतांश युरिक अ‍ॅसिड आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतं, आहाराचा वाटा त्यामानाने लहान. २००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४७ हजार पुरुषांच्या खाण्याची १२ वर्षं नोंद ठेवली होती. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊटचं, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून होणाऱ्या सांधेदुखीचं, प्रमाण वाढलेलं दिसलं. डाळी, वाटाणे, पालक यांतल्या प्युरीनचा तसा संबंध आढळला नाही.

आणि युरिक अ‍ॅसिडचं दुखणं बहुतेकदा पायाच्या अंगठ्यापासून, अचानक, लालबुंद सूज येऊन सुरू होतं. उतारवयात जिना चढताना गुडघे कुरकुरतात ते बहुधा कूर्चा झिजल्यामुळे. त्यात कुकरचा काय दोष?

सत्त्व जळण्याचं म्हणाल, तर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, पण थोडाच वेळ. ब गटातली काही जीवनसत्त्वं घटतात, तशी ती पातेल्यात तासभर रटरटवूनही घटतात. प्रथिनं कुठे जात नाहीत. उलट कच्च्या डाळीत पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, ते उष्णतेने निकामी होतात. राजम्याच्या बाबतीत तर नीट उकळणं अत्यावश्यकच आहे, अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात.

फेसाची खरी काळजी वेगळी आहे. तो शिट्टीच्या नळीत अडकून वाफेची वाट बंद करू शकतो. कुकरमध्ये थेट डाळ शिजवत असाल तर पाणी धरून अर्ध्याच्या वर भरू नका, चमचाभर तेल घाला, नळी रोज धुवा. आमसूल-चिंच मात्र डाळ शिजल्यावरच. आंबटाने ती लवकर मऊ होत नाही.

पातेल्यातल्या वरणाची चव आवडत असेल तर जरूर पातेल्यात शिजवा. पण युरिक अ‍ॅसिड वाढलंय का, हे रक्ततपासणी सांगते, आणि वाढलंच असेल तर डाळ किती खायची ते डॉक्टर ठरवतील. काकूंची ती तपासणी अजून झालेलीच नाही. सोमवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे.