समुद्रतळाच्या धोंड्यांतून कोबाल्ट काढू इच्छिणाऱ्यांस

2018 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि आपले ट्रक डिचोलीच्या रस्त्याकडेला गंजत पडले, म्हणून आपण खचून जाऊ नये. डोंगरातल्या खनिजाला ग्रामसभा असते, झरी असते, खालच्या बाजूला कोणाची तरी भातशेती असते. हिंदी महासागराच्या पाच हजार मीटर खोल तळाला यांपैकी काहीही नसते. तेथील 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे शोधकार्यासाठी आहेच, आणि पहिले नोड्यूल, म्हणजे समुद्रतळावरचा धातूंनी भरलेला धोंडा, तर 'गवेषणी' जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी, ऐन प्रजासत्ताक दिनी, अरबी समुद्रातून वर काढले. त्यामागची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दोनापावलचीच. तेव्हा माहेरचाच माल समजावा.

नोड्यूल हातात घेतल्यास ते चुलीत करपलेल्या बटाट्यासारखे दिसते आणि बोटांना काजळी लावून जाते. कापले तर आत कांद्यासारखे पापुद्रे आणि क्वचित मधोमध शार्क माशाचा दात सापडतो. हे पापुद्रे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या गतीने चढलेले असतात. आपण ते काही तासांत विरघळवणार आहोत, तेव्हा कामाच्या झपाट्याबद्दल कोणी आपल्याला नावे ठेवू शकणार नाही.

मात्र नुसते सल्फ्युरिक आम्ल ओतून भागेल, अशा भ्रमात राहू नये. मँगनीज डायऑक्साइड त्या आम्लाला सहसा दाद देत नाही, आणि निकेल व तांबे नेमके त्याच्याच पोटात दडलेले असते. म्हणून सल्फर डायऑक्साइड सोडून त्याला नमवावे, किंवा प्रयोगशाळांनी करून पाहिल्याप्रमाणे मळी घालून गोडीगुलाबीने वळवावे. मळी कोल्हापुराकडून आणता येईल. पुढे चुना घालून लोह खाली बसवावे, मग तांबे वेगळे करावे. निकेल आणि कोबाल्ट आवर्तसारणीतले सख्खे शेजारी असल्याने त्यांची वाटणी सर्वांत शेवटी, आणि गावातल्या भावाभावांच्या वाटणीइतकीच चिवटपणे होते. निकेल सल्फेटचे द्रावण मुळातच हिरवेगार असते, त्यामुळे प्रकल्प अहवालात 'हरित' हा शब्द घालताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

हिशेब मात्र भागधारकांना एका दमात सांगू नये. एक टन कोरड्या नोड्यूलमधून साधारण अकरा किलो निकेल, दहा किलो तांबे आणि जेमतेम एक किलो कोबाल्ट हाती लागते. सुमारे 240 किलो मँगनीजही असते, पण त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही तर तेही उरलेल्या गाळात जाते. त्यात चुन्याचे आणि आम्लाचे मिळून झालेले जिप्सम मिसळले की ढिगारा मूळ मालापेक्षाही मोठा होऊ शकतो. इतकी वर्षे आपण ज्याला 'डंप' म्हणत आलो, त्याला आता 'अवशेष साठवण क्षेत्र' म्हणावे.

जागेची चिंता तर मुळीच करू नये. बंद खाणींचे खड्डे आयतेच आहेत. त्यांत सध्या पावसाचे पाणी भरलेले असते, पण त्यावर कोणाचे पीक उभे असेल तर एखाद्या संध्याकाळी पंप लावून ते उपसून घ्यावे, आणि ग्रामसभेची नोटीस शक्यतो चतुर्थीच्या सुट्टीत लावावी.