वायफायचं नाव लपवून काय साधतं?

सोसायटीच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. राउटरचं नाव लपवा, मॅक फिल्टर लावा, डीएचसीपी बंद करा, डीएनएस ८.८.८.८ करा. मग म्हणे नेट दुप्पट पळतं आणि पासवर्ड म्हणून आपला मोबाइल नंबर ठेवला तरी बिनधास्त! यातली शेवटची ओळ सगळ्यात घातक, पण आधी बाकीचं बघू.

राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ असा संदेश हवेत सोडतो. त्याला बीकन म्हणतात. नाव लपवलं तरी बीकन थांबत नाही, फक्त त्यातली नावाची जागा कोरी जाते. शिवाय तुमचाच फोन जोडला जाताना ते नाव उघडपणे घेतो, कारण एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणं, त्यानंतर सुरू होतं. टपून बसलेल्याने तेवढी वाट पाहायची. वर आणखी एक गंमत: लपलेलं नेटवर्क आपलं नाव सांगत नाही, म्हणून फोनलाच त्याला नावाने हाका माराव्या लागतात. म्हणजे घरी लपवलेलं नाव फोन स्टेशनवर, मॉलमध्ये पुकारत फिरू शकतो.

मॅक फिल्टरचंही तेच. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक, आणि फिल्टर यादीतल्या पत्त्यांनाच आत सोडतो. डब्ल्यूपीए२ हे वायफायचं कुलूप आतला मजकूर झाकतं, पण पाकिटावरच्या पत्त्यासारखा मॅक पत्ता उघडाच राहतो. तो वाचून आपल्या लॅपटॉपला चिकटवणं हे दोन-तीन कमांडचं काम. अडतात ते घरचेच. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून बहुतेक फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. फोनचा मूळ मॅक यादीत टाकलात, तर तुमचाच फोन दाराबाहेर.

डीएचसीपी म्हणजे जोडलेल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय. ती बंद केली तर घुसखोर हाताने १९२.१६८.१.५० टाकेल. पाहुणे मात्र खोळंबतील.

डीएनएसबद्दल थोडं खरं आहे. ८.८.८.८ ही गूगलची २००९ पासूनची सेवा. इंटरनेट कंपनीचा डीएनएस रखडत असेल तर बदलल्यावर पान उघडायला लवकर सुरुवात होते. पण डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो. पुढचा व्हिडिओ त्याच लाइनवरून येतो आणि ५० एमबीपीएसचा प्लॅन ५०चाच राहतो. खात्री करायची तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर निम्मा स्पीड मिळाला, तर अडचण हवेत आहे. वायफायच्या जुन्या लहरपट्ट्यात, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांच्या आड न येणारे चॅनल मोजून तीन: १, ६ आणि ११. इमारतीतले सगळे राउटर त्यांतच दाटीवाटी करतात. राउटर जवळच्या खोलीत असेल तर दुसरा पट्टा, म्हणजे ५ गिगाहर्ट्‌झ वापरा.

आता मोबाइल नंबर. डब्ल्यूपीए२मध्ये फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपली, की पासवर्डचे अंदाज घरी बसून तपासता येतात. राउटरला पत्ताही लागत नाही. आपले नंबर दहा अंकी आणि ६ ते ९ने सुरू होणारे, म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. सेकंदाला दहा लाख अंदाज तपासणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला त्या संपवायला जेमतेम तास-सव्वा तास लागतो. त्यातून तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांकडे आहेच. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांबलचक पासवर्ड ठेवा, राउटरवर डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूपीए२ची पुढची आवृत्ती) असेल तर ते निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा आणि नाव खुशाल दिसू द्या.