हवा जाते कुठे?

माझ्या सायकलच्या मागच्या चाकातली हवा रोज रात्री थोडी कमी होत असे आणि रोज सकाळी मी ती हातपंपाने भरत असे. काम पाच मिनिटांचे होते, पण पाच मिनिटांच्या कामावर कायमचा तोडगा काढण्यासाठी तीन आठवडे घालवणाऱ्या माणसांपैकी मी एक आहे. मुलीच्या रोबोटिक्सच्या स्पर्धा संपल्या आणि माळ्यावर जाऊ घातलेला एक खोका माझ्या हाती लागला. त्यात १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर, प्रत्येकी अर्ध्या लिटरहून थोड्या मोठ्या अशा हवेच्या दोन टाक्या, दाबाचे काटे, रेग्युलेटर, प्रेशर स्विच, नळ्यांची भेंडोळी आणि ज्यांचे नेमके काम कुणालाच आठवत नव्हते असे मूठभर पितळी तुकडे होते. या सामानाच्या जोरावर रोबोचा हात वर-खाली होत असे. मग एका चाकात हवा भरणे असे काय जड आहे, असा विचार माझ्या मनात आला, आणि त्यानंतर बरेच दिवस घरातल्या कुणाच्याही मनात माझ्याविषयी चांगला विचार आला नाही.

रचना तशी सरळ आहे. कंप्रेसर टाकीत हवा कोंडतो. दाब १२० पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) आसपास पोहोचला की प्रेशर स्विच मोटार बंद करतो आणि तो ९५ च्या आसपास उतरला की पुन्हा सुरू करतो. स्विचने दगा दिलाच तर १२५ ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. आणि रेग्युलेटर हा सगळा जोर ६० वर आणून बाहेर सोडतो. मुलीने हे सारे कागदावर काढून दिले. मी तो कागद भिंतीला चिकटवला आणि त्याच्याकडे पाठ करून कामाला बसलो. परिणामी स्विचच्या दोन्ही तारा मी मोठ्या निष्ठेने एकमेकींनाच जोडल्या. काटा १२० वरून न थांबता पुढे सरकला, त्याच्या कार्यक्षमतेचे मी कौतुक करत असतानाच सेफ्टी व्हॉल्व्हने असा काही फुत्कार सोडला की मी खुर्चीसकट मागे गेलो आणि स्वयंपाकघरातून पत्नीने, "अहो, जिवंत आहात ना?" असे विचारले. प्रश्नात काळजी होती, पण उत्तराची घाई नव्हती.

टाकी आणखी मोठी हवी म्हणून नळाच्या पीव्हीसी पाइपची टाकी करण्याची कल्पनाही मी मांडली होती. पीव्हीसी दाबलेल्या हवेने फुटला की त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात, एवढे सांगून मुलीने ती कल्पना आणि पाइप दोन्ही माझ्या हातातून काढून घेतले.

या यंत्राला मी 'पोर्टेबल', म्हणजे कुठेही उचलून नेता येणारे, म्हणत असे; त्या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे. रोबोची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी १८ अँपिअर-अवरची आणि सुमारे ६ किलोची असते. तिच्यासह सारा संसार एका लाकडी फळीवर ठोकून मी तिला दोन मुठी बसवल्या. एक मूठ माझ्यासाठी आणि दुसरी, जो कोणी त्या वेळी घरात सापडेल त्याच्यासाठी.

खरे नाट्य मात्र गळतीचे होते. यंत्र बंद केल्यावर काटा हळूहळू उतरू लागला. एका वाटीत साबणाचे पाणी घेऊन मी ब्रशने प्रत्येक सांध्याला ते लावत गेलो. टाकीच्या तोंडाशी असलेल्या पितळी जोडावर काही क्षण काहीच झाले नाही. मग आट्यांच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला, तो वाटाण्याएवढा झाला, त्यात खिडकी उलटी दिसू लागली, आणि तो फुटताच त्याच जागी दुसरा डोकावला. गेली पन्नास वर्षे मी बुडबुड्यांकडे इतक्या वैरभावाने पाहिले नव्हते. जोडातून हवा सुटू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात. दोष त्या टेपचा नव्हता, माझा होता. टेप आटे आवळण्याच्या दिशेने गुंडाळायची असते. मी ती उलट गुंडाळल्यामुळे जोड जसजसा आवळत होतो तसतशी ती सुटून झालरीसारखी बाहेर येत होती. अकरा जोड उघडले, खरवडले, पुन्हा बांधले.

तरीही काटा १२० वरून ११३ वर यायचाच. साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा नव्हता. मी अकराही जोड पुन्हा उघडले. तिसऱ्यांदा उघडायला पाना उचलला तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, हवा दाबली की तापते. टाकीला हात लावून बघा. ती निवली की दाब उतरणारच. ११३ च्या खाली जातोय का?" तो जात नव्हता. ताशी एक जोड या गतीने मी दोन दिवस ज्या चोराच्या मागे होतो, तो चोर म्हणजे टाकी निवणे हा प्रकार होता.

अखेर पहिल्या प्रयोगाचा दिवस उजाडला. दोन्ही टाक्यांत मिळून मावणारी हवा एका सायकलच्या चाकाला जेमतेम पुरते. गाडीच्या चाकात ती सोडली तर चाकाला तिचा पत्ताही लागणार नाही. पण सायकलपुरते यंत्र उत्तम चालले. आधी नळीतून थोडे पाणी थुंकून (दाबलेल्या हवेतली वाफ निवून टाकीत साचते) त्याने चाक एका मिनिटात टणक केले. घरातले सगळे जमले होते. मी हात पुसले.

आणि मग, केवळ वाटीत साबणाचे पाणी उरले होते म्हणून, मी त्यातले थोडे चाकाच्या व्हॉल्व्हवर लावले. मोहरीएवढा बुडबुडा आला. आतली पिन अर्धा वेढा सैल होती. ती आवळायला वीस सेकंद लागली आणि त्या दिवसापासून चाकातली हवा कमी झालेली नाही.

कंप्रेसर आता पलंगाखाली असतो. टाक्या भरलेल्या ठेवायच्या नाहीत, असा मुलीचा कडक नियम असल्यामुळे मी रोज संध्याकाळी त्या १२० पर्यंत भरतो, काटा ११३ वर स्थिरावेपर्यंत शेजारी बसतो आणि झोपण्यापूर्वी सगळी हवा सोडून देतो.