सहा महिने सुरेखा

मागच्या आठवड्यात राजपत्रात माझं नाव आलं. जुनं नाव नकुसा, नवं नाव सुरेखा. दोन दिवसांत गावातनं, पाहुण्यांतनं इतके फोन आले की एकेकाला सांगण्यापेक्षा इथं एकदाच सविस्तर लिहिते.

कागदावर ‘नवं’ लिहिलंय तेवढंच. हे नाव मी दहा वर्षांची असल्यापासून माझं आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. माय-दादा (आई-वडील) ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि भांडी, पीठ, शेळी, लेकरं सगळं त्यात भरून आम्ही निघायचो. साधारण 2000 सालची गोष्ट असेल. कोल्हापूरच्या बाजूला एका कारखान्याच्या तळावर आमची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी होती आणि तिथं साखरशाळा, म्हणजे ऊसतोड्यांच्या लेकरांसाठीची हंगामी शाळा सुरू झाली. पाचटाचं छप्पर, खाली पोती अंथरलेली. पहिल्या दिवशी बाई एकेकाला नाव विचारत आल्या. मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होते. त्या तळावर आमच्या गावची दुसरी टोळी नव्हती, मला ओळखणारं कुणी नव्हतं. समोर एका टायरगाडीच्या फळीवर निळ्या रंगानं ‘सुरेखा’ लिहिलेलं होतं. तेवढं मला वाचता येत होतं. मी म्हणाले, सुरेखा.

बाईंनी ते पाटीवर लिहून दिलं. मी ते दिवसभर गिरवलं.

चार-आठ दिवसांनी बाई संध्याकाळी कोपीवर आल्या. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. बाईंनी बाहेरनं विचारलं, “सुरेखाची आई आहे का?” मायनं वर पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या पोटात गोळा आला. हातातली भाकर तव्यावर टाकत माय म्हणाली, “हाय की. या, बसा.” नंतर मला एका शब्दानं विचारलं नाही. तळ उठेपर्यंत ती बाईंसमोर मला सुरेखाच म्हणत राहिली.

मग गावाकडं परत. शाळेत हजेरीला नकुसा. पुढच्या दसऱ्याला परत सुरेखा. वर्षातले सहा महिने मी मान वर करून जगायचे आणि सहा महिने खाली घालून.

मी तिसरी मुलगी. तिसरीला नकुसा म्हटलं की देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो, असं आमच्याकडं मानायचे. माझ्या पाठीवर भाऊ झाला, त्यामुळे आजीचा त्या नावावर फार विश्वास बसला. आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, हिच्या नावानं पोरगं आलं. आजीनं मला जीव लावला नाही असं मी म्हणणार नाही, तिनंच मला वाढवलं. पण ते नाव मला रोज, हाक मारणाऱ्याच्या तोंडून, तू नको होतीस हेच सांगायचं.

काहीजण म्हणतात, दगडू, धोंडू, उकिर्डा ही नावं नव्हती का, त्यांनी कुठं बदलली? बाबांनो, ती नावं वेगळी. आधीची लेकरं गेली, हे तरी जगू दे, कुणाची नजर न लागू दे, म्हणून दगडू. त्या नावात लेकरू हातातनं निसटायची भीती आहे. नकुसात काय आहे? पुरे झालं आता, एवढंच.

आणि ‘नावात काय आहे’ हे निदान मराठवाड्यातल्या माणसानं तरी म्हणू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 ला झाला आणि नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधल्या काळात इथल्या वस्त्या जळाल्या, माणसं मेली. त्यात मारले गेलेल्या पोचिराम कांबळेंचं नाव ज्यांना माहीत नाही त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं. एका नावासाठी माणसं जीव देतात, कारण आपण कोण हे त्या नावातनं जगाला सांगायचं असतं. 2023 ला आपल्या दोन जिल्ह्यांची नावं बदलली, तेव्हा पाट्या, शिक्के, कागद सगळं सरकारनंच बदललं. बाईमाणसाला स्वतःचं एक नाव बदलायला मात्र स्वतःच दारोदार फिरावं लागतं.

मी प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रासाठी अर्ज भरला. तिथं छापून आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. आता आधार (त्यावर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा अक्षर न् अक्षर तपासून द्या), मग पॅन, रेशनकार्ड, मतदार यादी. दहावी-बारावीच्या कागदांवर जुनंच नाव आहे, त्यांना राजपत्राची प्रत जोडते. एका बँकेत तर जुनं नाव मोठ्यानं वाचून दोघंजण हसले. मी तिथंच उभी राहिले, फॉर्म घेतला आणि भरूनच बाहेर पडले.

दादांना वाईट वाटलंय. “आम्ही ठेवलेलं नाव टाकलंस,” म्हणाले. दादा, तुम्ही मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फेडत फेडत मला बारावीपर्यंत शिकवलं, ते मी कुठं टाकलं? तुमचं नाव माझ्या नावापुढं आहे तसंच आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घेते, नावं लिहिते. 2011 च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. त्याच साली साताऱ्यात 285 ‘नकोशी’ मुलींचं एकाच कार्यक्रमात नवं नामकरण झालं. आपल्याकडंही अजून अशा बाया आहेत. त्या मतदार यादीत दिसतात, रोजगार हमीच्या हजेरीपटावर दिसतात. कुणी चाळिशीची, कुणी साठीची. सून झाल्यावर सासरनं परस्पर नवं नाव दिलं म्हणून काहींची सुटका झाली, पण तेही नाव त्यांना विचारून ठेवलेलं नव्हतं.

तुमच्या घरात, वस्तीवर अशी कुणी असेल तर तिला माझ्याकडं घेऊन या. रविवारी मी घरीच असते. फॉर्म मी भरून देईन, कागद कोणते लागतात ते सांगेन. येताना आधारकार्ड आणि शाळेचा दाखला असेल तर आणा. आणि तिच्यासाठी नाव तुम्ही ठरवून आणू नका. ते मी तिलाच विचारणार आहे.