स्पॅनिशचे दोन भूतकाळ आणि अर्धा खरा तक्ता

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या हातात कधी ना कधी एक तक्ता पडतोच. एकदाच किंवा थोडा वेळ घडलं तर प्रेतेरितो हा भूतकाळ, वारंवार किंवा बराच काळ घडलं तर इंपेरफेक्तो (शब्दशः ‘अपूर्ण’) हा दुसरा भूतकाळ. ‘आयेर’ म्हणजे ‘काल’ दिसला की पहिला, ‘सिएम्प्रे’ म्हणजे ‘नेहमी’ दिसला की दुसरा. शिवाय काही क्रियापदांचा अर्थच काळानुसार बदलतो, त्यांची यादी पाठ करा. तिन्ही सूचना अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच त्या जास्त नडतात.

आधी कालावधी. इबेरियन द्वीपकल्पात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भागात, मुस्लिम सत्ता ७११ पासून १४९२ पर्यंत होती. ती ‘दुरो कासी ओचो सिग्लोस’, म्हणजे जवळजवळ आठ शतकं टिकली. ‘दुरो’ हा प्रेतेरितो. ७८१ वर्षांना थोडा वेळ कोण म्हणेल? पण आठ शतकं हा हिशोब सगळं संपल्यावरच मांडता येतो, आणि म्हणून इथे प्रेतेरितो येतो. उलट ‘एरान लास त्रेस’, तीन वाजले होते, यात वेळ क्षणाची असूनही काळ इंपेरफेक्तो. वारंवारतेचंही तेच. ‘फुई सिंको बेसेस’, पाच वेळा गेलो : मोजून झालं, प्रेतेरितो. ‘इबा लोस दोमिंगोस’, रविवारी जायचो : किती रविवार, कधी थांबलो, हे सांगितलेलंच नाही.

म्हणजे प्रश्न घटना किती लांब होती हा नाहीच. बोलणारा तिचं टोक दाखवतो आहे, की तिच्या मधोमध उभा आहे, एवढंच पाहायचं. व्याकरणकार आंद्रेस बेल्यो यांनी १८४७ च्या आपल्या व्याकरणात इंपेरफेक्तोला ‘कोप्रेतेरितो’ म्हटलं. ‘को’ म्हणजे सोबत : भूतकाळातल्या दुसऱ्या कशाच्या तरी सोबतीनं चालू असलेलं. मेक्सिकोत हे नाव आजही शिकवतात, आणि माझ्या मते ते ‘अपूर्ण’ या नावापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

खूणशब्दांचं फार बोलायला नको. ‘आयेर योविओ’, काल पाऊस पडला. ‘आयेर योविया कुआंदो साली’, काल मी निघालो तेव्हा पाऊस पडत होता. ‘आयेर’ तोच, काळ दोन.

‘सिएम्प्रे’साठी एक वाक्य पुरे : ‘सिएम्प्रे लो सुपे’, मला हे पहिल्यापासून माहीत होतं. सिएम्प्रे आहे, तरी प्रेतेरितो. आणि हेच वाक्य तिसरी सूचनाही मोडतं, कारण यादीत ‘साबिया’ म्हणजे माहीत होतं आणि ‘सुपे’ म्हणजे कळलं असं लिहिलेलं असतं. खरं तर क्रियापदाचा अर्थ बदलत नाही. प्रेतेरितोला टोक लागतं, आणि माहीत असण्याचं सहज दिसणारं टोक म्हणजे त्याची सुरुवात, म्हणून ‘कळलं’. ‘सिएम्प्रे’ आला की सुरुवातीपासून आतापर्यंतचा सगळा काळ एकत्र बांधला जातो, म्हणून ‘माहीत होतं’. ‘कोनोसिया’ (ओळखत होतो) आणि ‘कोनोसी’ (ओळख झाली) यांचंही असंच. मराठीत या दोन टप्प्यांना वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे आपल्याला ते दोन अर्थ वाटतात.

मराठी बोलणाऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे, आणि तक्ता तिचं नावही घेत नाही. ‘मी तिथे पाच वर्षं राहत होतो’ हे आपल्याला अगदी सहज वाटतं, म्हणून हात ‘बिबिया’ या इंपेरफेक्तोकडे जातो. स्पॅनिशला हवं असतं प्रेतेरितोतलं ‘बिबी आयी सिंको आन्योस’, कारण पाच वर्षं म्हटलं की टोक आलं. ‘तो चांगला शिक्षक होता’ हे त्याहून अवघड. ‘एरा’ (इंपेरफेक्तो) म्हटलं तर आपण त्या काळात उभे आहोत, ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट पाहतो. ‘फुए’ (प्रेतेरितो) म्हटलं तर त्याची सगळी कारकीर्द मागे वळून एका नजरेत पाहिली. आपला ‘होता’ दोन्ही झाकतो, म्हणून इथे भाषांतर करून उत्तर सापडत नाही.

तक्त्याऐवजी स्पॅनिशमधली एखादी छोटी गोष्ट घ्या आणि तिच्यातली फक्त प्रेतेरितोची क्रियापदं ओळीनं वाचा. साधारणपणे काय काय घडलं ते कळतं. मग फक्त इंपेरफेक्तोची वाचा. खोली दिसते, हवा दिसते, माणसं काय करत होती ते दिसतं, पण गोष्ट जागची हलत नाही.