जॉर्ज इनच्या सज्ज्यात शेक्सपिअर बसला नव्हता

लंडन फिरून आलेल्यांच्या फोटोंबरोबर एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरत असतो. फोटो असतो थेम्स नदीच्या दक्षिण काठावरच्या साउथवर्कमधल्या जॉर्ज इन या जुन्या सरायीचा: अंगण आणि त्यावर दोन मजली लाकडी सज्जे. मजकूर थोडक्यात असा: शेक्सपिअर याच सज्ज्यात बसून बिअर प्यायचा, त्याची नाटके याच अंगणात व्हायची, सज्जे प्रेक्षकांसाठीच बांधले होते, इथून पाचशे वर्षे घोडागाड्या सुटत, अशी वास्तू अख्ख्या इंग्लंडात एकच उरली आहे, आणि आतले भलेमोठे घड्याळ सरकारने घड्याळांवर कर लावला म्हणून टांगले गेले.

पहिल्या दाव्याला तारखाच पुरतात. शेक्सपिअर वारला 1616 मध्ये. साउथवर्कला मोठी आग लागली 26 मे 1676 रोजी, तिच्यात जुनी सराय जळाली आणि आज दिसते ती इमारत 1677 मध्ये उभी राहिली. म्हणजे ज्या सज्ज्यात त्याला बसवले जाते, तो बांधला गेला त्याच्या मृत्यूनंतर 61 वर्षांनी! नवी इमारत जुन्या आराखड्याला धरून बांधली असे मानतात, आणि त्याच जागी आधीही जॉर्ज होतीच. 1598 सालच्या जॉन स्टोच्या लंडन-वर्णनात या रस्त्यावरच्या सरायांच्या यादीत तिचे नाव आहे. शेक्सपिअरची नाटके जिथे होत ते ग्लोब थिएटर 1599 मध्ये इथून चालत जाण्याच्या अंतरावर उभे राहिले. तेव्हा शेक्सपिअर जुन्या जॉर्जमध्ये कधी आलाच नसेल, असे मी म्हणणार नाही. पण तो आल्याचा एकही पुरावा नाही, आणि ‘आला असेल’चे ‘इथेच बसायचा’ व्हायला फॉरवर्डचे एक बटण पुरते.

नाटकांचा मुद्दा जरा नीट बघायला हवा, कारण त्यात थोडे तथ्य आहे. सरायांमध्ये नाटके होत होती. पण ज्या चार सराया त्यासाठी प्रसिद्ध आहेत (बेल सॅव्हेज, बुल, बेल आणि क्रॉस कीज) त्या सगळ्या नदीपलीकडे, लंडन शहरात होत्या. त्यांतल्याही दोन ठिकाणी खेळ अंगणात नव्हे, तर आतल्या दालनात होत असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हे खेळ बंद पडले. जॉर्जच्या अंगणात नाटके झाली ती मुख्यतः विसाव्या शतकात, हौसेने आणि पर्यटकांसमोर. फोटो तिथले आणि गोष्ट चारशे वर्षांपूर्वीची, अशी ही सरमिसळ आहे.

मग सज्जे कशासाठी? ये-जा करण्यासाठी. आपल्या जुन्या वाड्यात चौकाभोवती वरच्या मजल्यावर फिरती पडवी असते आणि खोल्यांची दारे तिच्यावर उघडतात, तसेच हे काम. खोल्या एकामागे एक नाहीत, एकाच ओळीत आहेत. प्रत्येकीचे दार सज्ज्यात. आतून बोळ काढायचा तर तेवढी जागा वाया गेली असती, आणि रस्त्याला अरुंद पण आत लांबलचक असलेल्या या जमिनींवर जागा महाग होती. खाली अंगणात गाड्या, मागे तबेले, वर झोपायच्या खोल्या. तळमजल्यावरच्या ज्या भागाला आज ओल्ड बार म्हणतात, तिथे गाडीची वाट बघणारे उतारू बसत. सज्ज्यांमागच्या निजण्याच्या खोल्यांत आता रेस्टॉरंट आहे. कठड्याला टेकून खाली बघणारा माणूस बहुधा आपले सामान नीट चढते आहे ना, हे बघत असणार.

इतक्या सराया या एकाच रस्त्याला का, याचे उत्तर नाटकात नाही, पुलात आहे. 1729 मध्ये पटनीचा पूल होईपर्यंत लंडन ब्रिज हा शहरापाशी थेम्सवरचा एकमेव पूल होता. त्यावर घरे आणि दुकाने होती, वाट अरुंद, आणि रात्री वेस बंद. केंट, ससेक्सकडून आलेला माल आणि माणसे अलीकडेच थांबत. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू जिथे जमतात, ती टॅबार्ड सराय शेजारीच होती. ती 1873 मध्ये पाडली.

आता पाचशे वर्षांच्या घोडागाड्या. चॉसरचे यात्रेकरू घोड्यावर बसून गेले. उतारूंच्या ठरावीक गाड्या इंग्लंडात सुरू झाल्या त्या सतराव्या शतकात. टपालगाडी तर 2 ऑगस्ट 1784 ची: जॉन पामरने ब्रिस्टलहून लंडनला पाठवलेली, सुमारे 16 तासांत पोचलेली. लंडन ब्रिज स्टेशन 1836 मध्ये सुरू झाले, तेही जॉर्जच्या अगदी जवळ. म्हणजे वेगवान गाड्यांचा भर जेमतेम 50 वर्षांचा. पुढे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने जागा घेतली, तिथे मालाचा डेपो केला आणि 1889 मध्ये अंगणाच्या दोन बाजू पाडल्या. फोटोत दिसते ती उरलेली दक्षिण बाजू. गंमत म्हणजे 1937 मध्ये ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हाती सोपवली तीही रेल्वे कंपनीनेच.

‘इंग्लंडात एकच’ हे तर साफ चूक. लंडनमध्ये सज्ज्यांची अशी सराय ही एकच उरली, हे खरे. पण ग्लॉस्टरची न्यू इन बघा: सुमारे 1450 ची, नाव ‘न्यू’ असूनही जॉर्जपेक्षा दोन शतकांनी जुनी, आणि तिचे सज्जे अंगणाभोवती अजून आहेत.

राहिले घड्याळ. कर खरा होता. पंतप्रधान पिटने 1797 मध्ये लावला: भिंतीवरच्या घड्याळाला 5 शिलिंग, सोन्याच्या खिशातल्या घड्याळाला 10. ओरड इतकी झाली की वर्षभरही टिकला नाही, 1798 मध्ये रद्द झाला. पण काच नसलेल्या मोठ्या तबकडीची अशी घड्याळे कराच्या कितीतरी दशके आधीपासून सरायांत होती. जिथे सगळा धंदाच गाडीच्या वेळेवर चालतो, तिथे खोलीच्या त्या टोकावरूनही वाचता येईल असे घड्याळ लावायला कराची गरज नव्हती. टपालगाडीच्या गार्डकडे तर कुलूपबंद घड्याळ दिलेले असे, म्हणजे वाटेत काटे फिरवून उशीर झाकता येऊ नये.