दादरला आता दोन ‘एक नंबर’ नाहीत

मुंबईच्या लोकलवर रेल्वेप्रेमींनी तयार केलेली एक मार्गदर्शिका सध्या हातोहात फिरते आहे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत दावा आहे : ‘प्रत्येक ओळ तपासलेली, शंभर टक्के अचूक.’ मेहनत दिसते, रेल्वेवरची माया दिसते, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो. कारण दावा खरा नाही. यातल्या बऱ्याच चुका कुणी मनाने रचलेल्या नाहीत, त्या एके काळच्या खऱ्या गोष्टी आहेत. पण एकाही ओळीला तारीख नाही, त्यामुळे कालचं आणि आजचं एकाच पानावर येऊन बसलं आहे.

‘दादरला सेंट्रलचे प्लॅटफॉर्म एकपासून सुरू होतात.’

हे 9 डिसेंबर 2023 पूर्वी बरोबर होतं. दादरला वेस्टर्न आणि सेंट्रल हे दोन रेल्वेमार्ग भेटतात, आणि तेव्हा वेस्टर्नचाही एक नंबर होता आणि सेंट्रलचाही. ‘एक नंबरला उभा राहा’ असं सांगून दोघं दोन टोकांना ताटकळायचे. त्या दिवसापासून वेस्टर्नने एक ते सात हे आकडे ठेवले आणि सेंट्रलचे प्लॅटफॉर्म आठपासून पुढे मोजायला सुरुवात झाली. म्हणजे दादरला सेंट्रलचा चार नंबर उरलेलाच नाही.

मध्यंतरी संध्याकाळी दादरच्या पुलावर एका मुलाने मला थांबवलं. हातात याच मार्गदर्शिकेची प्रिंट, घड्या पडून मऊ झालेली. ‘काका, चार नंबरवर अर्धा तास उभा होतो, कल्याणची एकही गाडी आली नाही.’ येणार कशी? तो वेस्टर्नच्या चारवर उभा होता आणि समोरून विरार, बोरिवली चालल्या होत्या. त्याला पुलाच्या सेंट्रलच्या बाजूला नेलं, इंडिकेटर दाखवला. प्रिंटवरचा आकडा त्याने तिथेच पेनाने खोडला. मुंबईत नव्याने आलेली माणसं अशाच कागदाच्या भरवशावर घराबाहेर पडतात, त्यामुळे ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

‘गाडीवर एस दिसलं की स्लो समजावी.’

अर्धवट माहिती कशी फसवते ते इथे दिसतं. सेंट्रलच्या मेन लाइनवर आधी गाडी कुठे जाणार ते सांगणारं अक्षर येतं. के म्हणजे कल्याण, टी ठाणे, ए अंबरनाथ, बीएल बदलापूर, टीएल टिटवाळा. त्यानंतर फास्टसाठी एफ किंवा स्लोसाठी एस. मग कर्जत आणि कसारा? कर्जतचं अक्षर एस आणि कसाऱ्याचं एन. कल्याणच्या पुढे रूळ दोन दिशांना फुटतात. एक फाटा ईशान्येला कसाऱ्याकडे, दुसरा आग्नेयेला कर्जतकडे. इंग्रजीतल्या नॉर्थ-ईस्ट आणि साउथ-ईस्टची ही आद्याक्षरं आहेत, गावाच्या नावाशी त्यांचा संबंध नाही. म्हणून ‘एस एफ’ ही स्लो गाडी नव्हे, ती कर्जत फास्ट. मार्गदर्शिका वाचून नाहूरला उतरायच्या बेताने कुणी तिच्यात चढला, तर नाहूर खिडकीतून मागे जाताना दिसेल. अक्षर कुठल्या जागी आहे ते पाहायचं, एवढं एक वाक्य पुरलं असतं.

‘पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी व्हीटीहून सुटली.’

तारीख बरोबर, ठिकाण चूक. गाडी सुटली बोरीबंदरहून. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, आणि ठाण्यापर्यंतचा 34 किलोमीटरचा प्रवास. व्हीटीच्या, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या, इमारतीचं काम त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1878 मध्ये सुरू झालं आणि राणी व्हिक्टोरियाचं नाव तिला 1887 मध्ये मिळालं. जुनी माणसं अजूनही ‘बोरीबंदर’ म्हणतात, ते याच पहिल्या स्थानकाचं नाव.

‘पहिली विजेची लोकल व्हीटीहून मेन लाइनने ठाण्याला गेली.’

नाही. 3 फेब्रुवारी 1925 ची ती गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, आणि तीही हार्बर लाइनने. हा मान हार्बरचा आहे आणि तो तिच्याकडून काढून घेतलेला मला सहन होत नाही. तिला कायम धाकटी समजतात : गाड्या हळू, वाटेत गोदी आणि वखारी. पण देशातली पहिली विजेची गाडी धावली ती तिच्याच रुळांवर. सँडहर्स्ट रोडला एकदा उतरून पाहा. मेन लाइन खाली, हार्बर वरच्या मजल्यावर. वरच्या फलाटावर इमारतींच्या खिडक्या डोळ्यांच्या पातळीला येतात.

‘लोकल 1500 व्होल्ट डीसीवर चालतात.’

सगळ्या चुकांमध्ये हीच मला धोक्याची वाटते. 1925 पासून 1500 व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, हेच होतं, पण ते युग संपलं. वेस्टर्नचं रूपांतर 2012 मध्ये, सेंट्रलच्या मेन लाइनचं 2015 मध्ये आणि हार्बरचं 2016 मध्ये पूर्ण झालं. आता डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, आहे. विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, सोळापटींहून जास्त वाढला, की तेवढीच शक्ती पोचवायला प्रवाह त्याच प्रमाणात कमी लागतो. वीज पुरवणारी सबस्टेशनं कमी लागतात, तारेतला तोटा घटतो. रेल्वेच्या दृष्टीने हा फायदा. पण या दाबाला माणसाने तारेला हात लावायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी वीज हवेतून झेप घेते. ही मार्गदर्शिका वाचणारी अनेक मुलं पुलांवरून गाड्यांचे फोटो काढतात, काठीला मोबाइल लावून तो खाली सोडतात. त्यांच्या हाती हा जुना आकडा जाता कामा नये. बाकीचं सावकाश दुरुस्त करा, हा आकडा आजच बदला.

मार्गांच्या यादीतही बरंच निसटलं आहे. हार्बर अंधेरीला संपत नाही, 2018 पासून ती गोरेगावपर्यंत जाते. ट्रान्सहार्बरला ‘सीएसएमटीहून निघणारी शाखा’ म्हटलंय, पण 2004 मध्ये सुरू झालेली ही लाइन ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाते, सीएसएमटीचा तिच्याशी संबंध नाही. जानेवारी 2024 मध्ये तिच्यावर दिघा गाव स्थानक उघडलं आणि त्याच वेळी उरणपर्यंत लोकल पोचली, नेरूळ आणि बेलापूरहून. दोन्ही यादीत नाहीत. जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मधलं राम मंदिर 2016 पासून आहे, तेही नाही. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी 2018 मध्ये झालं. पहिली लेडीज स्पेशल 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली धावली, मार्गदर्शिकेत लिहिलंय तशी विरारपर्यंत नव्हे.

एका ठिकाणी मात्र या लेखकांना मनापासून दाद देतो. वेस्टर्नचं टोक कायम चर्चगेट नव्हतं, गाड्या पुढे कुलाब्यापर्यंत जायच्या आणि 1930 च्या अखेरीस ते स्थानक बंद झालं, हे त्यांनी नेमकं दिलंय. इथे त्यांनी वर्ष लिहिलं, म्हणून ओळ आजही टिकून आहे. हीच सवय प्रत्येक पानावर हवी होती.

‘ठाण्याहून फास्ट पकडा, पारसिकच्या बोगद्यातून जाल.’

हे वाचून मी थोडा वेळ थांबलो. लहानपणी फास्टमध्ये आम्ही त्या बोगद्याची वाट बघत बसायचो. 1916 चा, जवळजवळ 1.3 किलोमीटरचा. डब्यात एकदम काळोख, कानात दडा, आणि कुणीतरी पोर हमखास ओरडायचं. स्लो गाड्या मुंब्र्याच्या बाजूने जायच्या, बोगदा फक्त फास्टवाल्यांचा. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि सगळी मांडणी बदलली. फास्ट लोकलसुद्धा आता मुंब्र्यावरून जातात, आणि बोगद्यातले जुने रूळ लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेले. मुलांना पारसिकचा बोगदा दाखवायचा असेल तर लोकलच्या पासवर ते जमणार नाही. ठाणे आणि कल्याण दोन्हीकडे थांबणाऱ्या एखाद्या एक्सप्रेसचं तिकीट काढा, आणि ठाणं सुटलं की खिडकीशी बसा.